दिवे घाटावरचे बँटमवाले दादा: परसातल्या कोंबड्यांसाठी छोटा कोंबडा घ्यायचा असेल तर

परसात पाच-सहा कोंबड्या आहेत, अंडी मिळतायत, आणि आता सोबत एक कोंबडा असावा असं वाटायला लागलंय, अशा पुण्यातल्या लोकांसाठी हे लिहितेय. मोठा गावठी नाहीतर आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) कोंबडा उचलून आणायच्या आधी एकदा घाट चढून बँटम, म्हणजे छोट्या चणीच्या जातींच्या कोंबड्या, विकणाऱ्या या दादांकडे जाऊन या. माझं मत सुरुवातीलाच सांगते, पक्षी चांगलेच आहेत, पण विकायच्या आधी हा माणूस जे सांगतो आणि विकल्यानंतर जे करतो त्याचे पैसे खरे वसूल होतात, म्हणून पाच पैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

जागा म्हणजे सासवड रोडने हडपसर, वडकी करत दिवे घाट चढायचा, वर आलं की सीताफळाच्या आणि अंजिराच्या बागा लागतात, त्यातल्याच एका बागेत यांचं घर आणि मागे खुराडी आहेत. दुकान नाही, पाटी नाही, घरचाच धंदा आहे, दादा आणि वहिनी दोघं मिळून बघतात. नंबर आणि नाव इथे टाकू नका असं त्यांनीच सांगितलंय म्हणून टाकत नाही, वर पोचल्यावर चहाच्या टपरीवर 'फॅन्सी कोंबड्यावाले' म्हणून विचारलं की कोणीही वाट दाखवतं.

आता कोंबडा कशाला, कारण हा प्रश्न मला जवळजवळ रोज कोणीतरी विचारतं. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही, कोंबडी तशीही अंडी देतेच, कोंबडा असला तर ती अंडी फळलेली, म्हणजे उबवली तर पिल्लू निघेल अशी, असतात एवढाच फरक. मला कोंबडा हवा होता तो दोन कारणांसाठी. एक म्हणजे माझ्या गावठी कोंबड्या दरवर्षी खुडूक होतात, म्हणजे अंडी उबवायला बसतात, आणि त्यांच्याखाली आपल्याच घरची अंडी रवणीला (उबवायला) ठेवावीत असं मनात होतं. दुसरं म्हणजे आम्ही सहकारनगरला राहतो, वर तळजाईची टेकडी, तिथून मुंगूस येतात, आंब्यावर शिक्रा येऊन बसतो, घारी तर दिवसभर डोक्यावर, शिवाय शेजारपाजारची मांजरं. कोंबड्या उकरण्यात दंग झाल्या की मान वर करत नाहीत. कोंबडा मात्र खाताना सुद्धा एक डोळा आभाळाकडे लावून असतो, आणि वरून काही आलं तर वेगळा आवाज काढतो, लांब बारीक, आणि जमिनीवरून मांजर वगैरे आलं तर वेगळा, तुटक तुटक मोठ्याने. वरचा आवाज आला की कोंबड्या झुडपात घुसून गप्प बसतात आणि खालचा आला की माना ताठ करून उभ्या राहतात. हे कोणी शिकवलेलं नसतं आणि बघायला मिळालं की खरंच मन भरून येतं.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगते आणि दादा पण सांगतात, छोटा कोंबडा हा पहारा देतो, लढत नाही. पाऊण किलोचा जीव मुंगसासमोर काय करणार. त्याने ओरडून सांगितलं की आत पळायला पक्की जागा लागते, म्हणजे अर्धा इंची वेल्ड मेश, साधी षटकोनी कोंबडी जाळी नाही कारण ती मुंगूस आणि घूस दोघंही फाडतात, आणि जाळी जमिनीत फूटभर तरी गाडलेली हवी. वरून पण झाकलेलं पाहिजे, कारण बँटम चांगले उडतात, पाच फुटी भिंत त्यांना काहीच नाही.

मोठाच का नाही आणला? आमच्याकडे आधी मोठा होता, ऱ्होड आयलंड रेडचाच. जातिवंत आरआयआर नर साडेतीन-पावणेचार किलोपर्यंत भरतो आणि पायाला काटे. तो मीलनासाठी वर चढायचा त्याने कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडल्या होत्या, पंखाखाली खरचटलेलं, एकीला तर कापडाचं जाकीट घालून ठेवायला लागलं. स्वभावाने वाईट नव्हता तो, कोंबड्याच कमी होत्या, आठ-दहा कोंबड्यांना एक नर हे प्रमाण मोठ्या जातीला बरं पडतं, आमच्याकडे तेवढ्या नाहीत आणि होणार पण नाहीत. तो मग मामांकडे भोरला गेला, तिथे मोठ्या कळपात मजेत आहे. माझ्यासारख्या थोड्या कोंबड्या असणाऱ्यांना म्हणूनच छोटा नर परवडतो, वजन कमी, काटे छोटे, खाणं कमी, पाठीची पिसं शाबूत राहतात. जागा पण कमी लागते.

आता त्यांच्याकडे काय बघायला मिळतं ते. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं होतं की पिंजरे दाखवतील, हा एवढ्याला तो तेवढ्याला, आपण बोट दाखवायचं. तसं काही झालं नाही. आधी बूट पोटॅशच्या पाण्यात बुडवायला लावले, २०२१ च्या जानेवारीत परभणीकडे बर्ड फ्लू निघाला तेव्हापासून ते कोणालाच तसं आत सोडत नाहीत म्हणाले, आणि तुमच्या घरच्या कोंबड्या आजारी नाहीत ना हे दोनदा विचारलं. मग वहिनींनी चहा दिला आणि दादांनी माझ्याच कोंबड्यांची चौकशी सुरू केली, किती आहेत, कुठल्या आहेत, वजनाने कशा, जागा किती, शेजारी किती लांब, घरात लहान मुलं आहेत का. बरोबर माझा भाचा होता, त्याला एका सेब्राईट जातीच्या बँटमची भुरळ पडली होती, प्रत्येक पिसाला काळी किनार असते ना त्याला, खरंच सुंदर दिसतो. दादा म्हणाले, "ताई, रंगाचं काय घेऊन बसलात, रंग काय अंडी फळवतोय व्हय. वागनूक बघा."

आणि मग जे केलं ते मी दुसऱ्या कुठल्याही विक्रेत्याकडे बघितलेलं नाही. त्यांनी एकेका कप्प्यात मूठभर बाजरी टाकली आणि म्हणाले आता नुसतं बघा. एका कप्प्यातला कोंबडा आधी स्वतःच तुटून पडला, कोंबड्यांना टोचा मारून बाजूला काढलं. दुसऱ्यातला दाणा चोचीत उचलून खाली टाकायचा, परत उचलायचा, आणि कुक् कुक् कुक् करत कोंबड्यांना बोलवायचा, त्या आल्या की बाजूला होऊन मान वर करून उभा राहायचा. दादा म्हणाले जो बोलावतो तो कोंबड्यांना आवडतो, त्याच्यासमोर त्या मीलनासाठी स्वतः खाली बसतात, त्याला जबरदस्ती करायला लागत नाही, आणि जबरदस्ती नसली की पाठी सोलत नाहीत. एकदम खरं आहे हे. दाण्यासाठी बोलावणाऱ्या नराकडे माद्या ओढल्या जातात यावर शास्त्रज्ञांनी बराच अभ्यास केलेला आहे, पण दादांना ते वाचायची गरज पडलेली नाही, रोज सकाळ-संध्याकाळ समोरच बघतात ते.

दुसरी परीक्षा म्हणजे हात. प्रत्येक नर त्यांनी माझ्या हातात दिला. जो थोडा वेळ फडफडून शांत झाला तो एका बाजूला, जो सोडल्यावर वळून पायावर धावून आला तो त्यांनी सरळ परत आत ठेवला आणि म्हणाले हा विकणार नाही, याची पिल्लं पण धरणार नाही. छोट्या कोंबड्यांना लोक खेळणं समजतात, पण यातले काही जात्याच तापट असतात आणि लहान मुलाच्या तोंडाच्या उंचीला उडी मारू शकतात, त्यामुळे हे बघून देणारा माणूस मिळणं फार मोलाचं आहे. झुंजीसाठी विचारायला येणाऱ्यांना ते दारातूनच परत पाठवतात, प्राण्यांच्या झुंजी लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाच आहे, पण दादा कायद्याचं बोलत नाहीत, एवढंच म्हणतात की हाताने वाढवलेला पक्षी मरायला देत नसतो.

जातींबद्दल पण त्यांनी स्वतःच्या तोट्याचं बोलून मला बऱ्याच गोष्टींपासून लांब ठेवलं. सिल्की सगळ्यात महाग विकली जाते आणि मागणी पण तिलाच आहे, पण सिल्कीची पिसं केसासारखी मोकळी असतात, पाणी धरून ठेवतात, पुण्याच्या पावसाळ्यात मोकळी सोडली की पार चिंब होते आणि गारठते. कोचीन बँटम स्वभावाने सगळ्यात गरीब, पण पायाला पिसं, त्यामुळे जून ते सप्टेंबर पायाला चिखलाचे गोळे आणि त्यातून खवल्यांखाली किडे होतात. ज्यांची जागा पूर्ण कोरडी, वर पत्रा आहे त्यांनी कोचीन जरूर घ्यावा, माझ्याकडे उघडी माती आहे. जपानी बँटमचे पाय अगदी आखूड, दिसतो फार गोड, पण तो आखूडपणा ज्या गुणामुळे येतो तो दोन्ही बाजूंनी आला तर पिल्लू अंड्यातच मरतं, म्हणजे दोन आखूड पायवाल्यांची जोडी लावली की साधारण चौथा हिस्सा पिल्लं कवचातच जातात, हे त्यांनी न विचारता सांगितलं. मलेशियाकडचा सेरामा पण होता त्यांच्याकडे, अर्धा किलोच्या आतला, हातावर उभा राहतो छाती काढून, पण अडीच किलोच्या आरआयआर कोंबडीपुढे त्याचा काही उपयोग नाही. आणि सेब्राईट, ज्यावर भाचा अडून बसला होता, त्याच्यात नराची पिसं पण मादीसारखीच असतात आणि अंडी फळण्याचं प्रमाण बऱ्याचदा कमी पडतं. कडकनाथ छोटा समजून विचारायला येणारे पण खूप असतात म्हणे, झाबुआकडचा हा पक्षी, २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून सगळ्यांना माहिती झालाय, पण त्याचा नर दीड-दोन किलोचा होतो, तो या हिशोबात बसत नाही.

शेवटी मी घेतला तो साधा, पायाला पिसं नसलेला, तांबूस-काळा बँटम, वर्षाचा पूर्ण वाढलेला, बाराशे रुपये. पिल्लं यापेक्षा खूप स्वस्त आहेत, पण पिल्लं घेऊच नका असं मी पण म्हणेन आणि दादा पण म्हणतात. बँटमच्या पिल्लात नर-मादी ओळखायला दोन-तीन महिने जातात, सिल्कीत तर त्याहून जास्त, निम्मे नर निघतात, आणि स्वभाव कळतो तो सहा महिन्यांनंतर, वयात आल्यावर. तोपर्यंत घरातल्यांचा जीव जडलेला असतो आणि दोन नर एकमेकांना रक्तबंबाळ करत असतात. पूर्ण वाढलेला, कोंबड्यांमध्ये वावरलेला, तुमच्या डोळ्यासमोर वागलेला नर घ्यायचा. चारशे-पाचशे रुपये जास्त जातील, जाऊ देत.

आता मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट. त्यांच्याकडून नेलेला नर जमला नाही तर ते परत घेतात, आणि त्याच्यापासून पुढे घरी जी पिल्लं होतील त्यातले नर पण परत घेतात. पैसे देत नाहीत, पण घेतात. ज्यांनी घरी अंडी उबवली आहेत त्यांना कळेल याचा अर्थ काय. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली, एकवीस दिवसांनी पिल्लं आली, सगळे खूश, आणि तीन-चार महिन्यांनी बारीक घोगऱ्या आवाजात एकेक जण आरवायला लागतो. शहरात या नरांचं करायचं काय? जे कापून खातात त्यांचा प्रश्न सुटतो, पण खूप जणांना हाताने वाढवलेला कापवत नाही, मग रात्री कुठल्यातरी टेकडीवर नेऊन सोडतात. तळजाईवर असे सोडलेले कोंबडे मी स्वतः बघितलेत आणि दुसऱ्या दिवशी त्यांची पिसं बघितलीत. टेकडीवर पाळीव कोंबडा जगत नाही. कृपा करून कोणी हे करू नका. पिल्लं काढायच्या आधीच नरांची सोय ठरवा, आणि ती सोय देणारा विक्रेता मिळत असेल तर त्याला दोन पैसे जास्त द्या. मी आमचे दोन नर नेऊन दिले तेव्हा दादांनी काही न कुरकुरता घेतले, पाय तपासले, वेगळ्या कप्प्यात ठेवले, आणि त्यातला एक नंतर वाघोलीच्या कोणाकडे कोंबड्यांमध्ये गेला त्याचा वहिनींनी फोटो पाठवला. एवढं कोण करतं आजकाल.

आवाजाबद्दल आता. हे नीट वाचा कारण याच्यावरच सगळं मोडतं. छोटा कोंबडा म्हणजे छोटा आवाज असं अजिबात नाही. आवाज बारीक असतो, चिरका असतो, आणि मोठ्यापेक्षा जास्त वेळा येतो. दादांनी हे पैसे घ्यायच्या आधी सांगितलं, नुसतं सांगितलं नाही तर थांबायला लावलं, दोन-तीनदा आरवेपर्यंत. कोंबड्याच्या अगदी जवळ मोजलं तर कुठल्याही जातीत आवाज शंभर डेसिबलच्या वर जाऊ शकतो, आणि आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमात निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही पातळी धरलीय, त्यात रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. कोंबडा सहाची वाट बघत नाही. जपानमध्ये नागोया विद्यापीठात २०१३ मध्ये दाखवलं होतं की सतत मंद उजेडात ठेवलेला कोंबडा पण आपल्या शरीरातल्या घड्याळाप्रमाणे पहाटेच्या आधी आरवतोच, म्हणजे सूर्य दिसला म्हणून तो आरवतो असं नाहीये. त्याच लोकांनी नंतर हे पण दाखवलं की चार कोंबडे एकत्र असले तर सगळ्यात वरच्या मानाचा आधी आरवतो आणि बाकीचे क्रमाने त्याच्या मागून. म्हणून एक नर ठेवला की एकाला दुसऱ्याने जाब देणं तरी वाचतं.

मी काय करते ते सांगते. रात्री त्याला वेगळ्या लाकडी खोक्यात ठेवते, आतून काळं, वरचं छत एवढं खाली की मान पूर्ण ताणून उभं राहता येत नाही पण आरामात बसता येतं, आणि दोन्ही बाजूंना आडव्या फटी, ज्यातून हवा जाते पण सरळ उजेड येत नाही. हे खोकं पण दादांच्या ओळखीच्या सुताराकडूनच करून घेतलं, काम चोख आहे. सकाळी साडेसहाला उघडते. आत आरवतो कधीकधी पण आवाज दबलेला येतो. एप्रिल-मे मध्ये हवेच्या फटी दुप्पट पाहिजेत, नाहीतर बंद खोक्यात गुदमरेल, हे अगदी लक्षात ठेवा. मानेला बांधायचा तो वेल्क्रोचा पट्टा, ज्याने आरवणं दबतं म्हणतात, तो दादा ठेवतच नाहीत. मी मागितला तर म्हणाले कोंबडा उन्हात धापा टाकूनच अंग गार करतो, त्याला घाम येत नाही, त्याचा गळाच आवळला तर मे महिन्यात काय होईल तुम्हीच सांगा. विकला असता तर पैसे मिळाले असते त्यांना.

शेजारी विचारून घ्या. आमच्या डाव्या बाजूला जोशी आजी-आजोबा आहेत, बाबांच्या वेळेपासूनचे, त्यांना आधी जाऊन सांगितलं, आजी म्हणाल्या लहानपणी वाईला रोज ऐकायचो, येऊ दे. उजवीकडे मात्र भाडेकरू बदलत असतात, त्यांना दर वेळी सांगायला लागतं, अंडी द्यायला लागतात, आणि ते योग्यच आहे, त्रास त्यांना होतो.

घरी आणल्यावरचं. दादांनी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाली भुसा घालून दिला, पाय बांधून उलटा लटकवून नाही, आणि सकाळी लवकर निघा म्हणाले म्हणजे ऊन लागणार नाही. तीनेक आठवडे वेगळा ठेवा असं बजावलं, कुठूनही आणलेला पक्षी तसाच ठेवायचा असतो, मग जाळीच्या पलीकडे ठेवून दिसू द्यायचा, आणि मग सोडायचा. माझ्या आरआयआर बायकांनी त्याला सुरुवातीला चांगलंच दमात घेतलं, दाण्यापाशी येऊ देत नव्हत्या, मोठ्या कोंबड्या छोट्या नराला तसं करतातच, म्हणून दोन ठिकाणी दाणा आणि एक उंच दांडी असू द्या जिथे तो चढून बसेल. पुढे त्याने तेच केलं ज्यासाठी त्याला निवडला होता, गांडूळ सापडलं की बोलवायला लागला, आणि गावठी दोघी आधी वळल्या.

सगळ्यांचा प्रश्न असतो की एवढासा नर मोठ्या कोंबडीला जमतो का. जमतो, कोंबडी स्वतःहून खाली बसली तर. नाही बसली तर नाही जमत. आमच्याकडे गावठींची अंडी जवळजवळ सगळी फळतात, आरआयआरमधल्या एकीची अजिबात नाही, ती त्याला जवळच येऊ देत नाही. अंडं फोडून बघितलं की कळतं, पिवळ्यावर जो पांढरा ठिपका असतो तो नुसता वेडावाकडा असेल तर नाही फळलेलं, आणि गोल चकतीसारखा, भोवती कडं दिसत असेल तर फळलेलं. रवणीला ठेवल्यावर सातव्या-आठव्या दिवशी अंधारात मोबाईलचा टॉर्च खाली धरला तरी शिरा दिसतात. आणि एकदा मीलन झालं की कोंबडीच्या शरीरात नराचं वीर्य दोन-तीन आठवडे टिकतं, त्यामुळे नर बाजूला केल्यावर लगेच अंडी बिनफळलेली येतील असं समजू नका.

पुण्यात अजून एक अडचण म्हणजे फळलेली अंडी खायला न चालणारे. आमच्याकडून अंडी नेणाऱ्या दोघींना मी स्पष्ट सांगितलं की आता कोंबडा आहे, एकीने बंद केली, ठीक आहे. बाकीच्यांसाठी सांगते, चवीत आणि पौष्टिकपणात फरक नाही, उबेशिवाय आत काही वाढत नाही. फक्त उन्हाळ्यात अंडी परसात पडू देऊ नका, पुण्यात एप्रिलमध्ये घरातलं तापमानच पस्तीसच्या पुढे जातं आणि तेवढ्यात सुद्धा थोडी वाढ सुरू होऊ शकते, रोजच्या रोज गोळा करून फ्रिजमध्ये टाका.

खाद्य त्यांच्याकडे मिळतं, मका-ज्वारीचा भरडा आणि पेंड, भाव बाजारासारखाच. चांगला सल्ला एक मिळाला तो असा की नर असेल तर सगळ्यांना लेअर फीड (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य) घालू नका, त्यात कोंबडीच्या कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, नराला आणि पिल्लांना ते नको, किडनीवर येतं. ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचं खाद्य) द्या आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, अंडी देणारी आपली आपण खाते.

आता तो अर्धा मार्क. लसीकरणाचं लिहून काही देत नाहीत. मानमोडीची लस दिलीय म्हणाले, कधी दिली विचारलं तर वहिनींनी कॅलेंडरवरच्या खुणा दाखवल्या, मला विश्वास आहे पण कागद पाहिजे. लासोटाचे थेंब पहिल्या आठवड्यात, पुढे आर टू बी साधारण आठव्या आठवड्यात (दोन्ही मानमोडीच्याच लसी), देवीची लस, हे सगळं एका छोट्या कार्डावर लिहून दिलं तर घेणाऱ्याला किती सोपं जाईल. मी त्यांना तसं म्हणलं, करू म्हणाले, अजून केलेलं नाही. दुसरं म्हणजे फोन उचलत नाहीत दिवसा, बागेत असतात. तिसरं, आमच्या नराच्या पायाच्या खवल्या थोड्या उचललेल्या होत्या, खवल्यांखालचा किडा असतो त्याची सुरुवात, खोबरेल तेल रोज चोळून गेलं, आणि फोनवर सांगितल्यावर दादांनी लगेच आपल्या सगळ्या पक्ष्यांचे पाय तपासले, पण देतानाच दिसायला हवं होतं. घरपोच देत नाहीत, हे मला तरी बरोबरच वाटतं.

कोणी जाऊ नये ते पण सांगते. फ्लॅटवाले, बाल्कनीत ठेवणारे, नको. सोसायटीच्या रो हाऊसमध्ये भिंतीला भिंत असेल तर आधी सोसायटीकडून लेखी घ्या. तीन कोंबड्या आणि दोन नर असं मागणाऱ्यांना दादा स्वतःच देत नाहीत. आणि पिल्लांचे नर कुठे जाणार हे ठरलेलं नसेल तर नुसत्या कोंबड्याच ठेवा, त्या नराशिवाय अगदी सुखात राहतात.

जायचं असेल आणि त्यांचा नंबर मिळाला तर संध्याकाळी सातनंतर फोन करून वेळ ठरवा, मग सकाळी लवकर निघा. आषाढी वारीत माऊलींची पालखी घाटातून जाते त्या दिवशी रस्ता बंद असतो, तो दिवस सोडून. पावसाळ्यात त्यांच्या बागेतला शेवटचा तुकडा पूर्ण चिखल असतो, चारचाकी रोडलाच लावा. आणि नर निवडायला दिवाळीनंतर जा, कोंबडे तोपर्यंत पिसं बदलून मोकळे झालेले असतात, पावसाळ्याच्या शेवटी गेलात तर अर्धी शेपूट गळलेले, गप्प बसलेले दिसतील, आणि वागणूक काहीच कळणार नाही.